मिठागराचं वकीलपत्र

मी नोकरीत नेमकं काय करते हे आमच्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. आळीत कोणी विचारलं की त्या सांगायच्या, "सूनबाई डासांचा हिशेब ठेवते." त्यात चुकीचं काही नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग यायचा. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली बाई रोज सकाळी डबा घेऊन रोह्याहून गाडीने पेणला जाते, आणि कशाला, तर कुठल्या गावात किती माणसं तापली आणि किती डास सापडले ते मांडायला! सांगणार तरी कसं आणि कोणाला?

आमची संशोधन संस्था मुंबईची. नव्वदच्या दशकात तिचं एक छोटं केंद्र पेणमध्ये होतं. दोन खोल्या, एक कॉम्प्युटर, एक करकर वाजणारा प्रिंटर आणि शेजारी गणपतीचा कारखाना. पेणला राहायचं तर शेजारी गणपतीचा कारखाना असणारच. श्रावणात तिथे प्लॅस्टरची पांढरी धूळ उडायची ती थेट आमच्या फ्लॉपीच्या खाचेत. म्हणून कॉम्प्युटरवर मी जुनी चादर घालून ठेवायची. एकदा मुंबईहून आलेल्या साहेबांनी विचारलं, हे काय झाकून ठेवलंय? मी म्हटलं, प्राणप्रतिष्ठा व्हायची आहे अजून. साहेब हसले नाहीत. मुंबईचे साहेब सहसा हसत नाहीत.

आता माझा धंदा काय होता ते एकदाचं सांगून टाकते. डॉक्टर एका माणसाचा ताप बघतो, मी गावंच्या गावं बघायची. पाऊस किती पडला, भातशेती घरापासून किती लांब, खाडी किती जवळ, घरं कौलारू की कुडाची, अशा सगळ्या गोष्टी गोळा करायच्या आणि त्यातल्या कोणाचा ताप वाढवण्यात किती वाटा आहे ते समीकरण मांडून काढायचं. या समीकरणाला आम्ही मॉडेल म्हणायचो. सरकारी कागदावर त्याला 'सांख्यिकीय प्रतिमान' म्हणत, पण तो शब्द उच्चारताना मी कोणाला ऐकलं नाही. मॉडेल सांगतं की या गावात या महिन्यात साधारण इतका ताप असायला हवा. तेवढाच निघाला तर आपण चहा प्यायला मोकळे. खूप जास्त किंवा खूप कमी निघाला, की कामाला लागायचं. आईला जसं ठाऊक असतं, पोरगं शाळेतून किती वाजता यायला हवं. वेळेवर आलं तर ती चुलीवरून मान वर करत नाही, उशीर झाला की पदराला हात पुसत दारात येते. आमचं सगळं शास्त्र त्या दारात येण्यात आहे.

आणि सगळ्या माणसांना विचारत बसता येत नाही, म्हणून थोड्यांना विचारून सगळ्यांचा अंदाज करायचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. फक्त लोक विसरतात की शीत उचलण्याआधी भात खालीवर करावा लागतो. वरचंच शीत चेपलं तर खालचा करपलेला भात पानात वाढल्यावरच कळतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार यायची. गडब गावचा एक दुकानदार होता. बाई आकडे काढतात, पुढचं सांगतात असं त्याने कुठूनतरी ऐकलं आणि तो पेढे घेऊन आला. बराच वेळ पावसापाण्याच्या गोष्टी झाल्यावर हळूच म्हणाला, आज ओपनला काय येईल? मटका! मी त्याला तासभर संभाव्यता समजावली. दर वेळी पाटी कोरी असते, काल काय आलं याचा आजशी संबंध नाही, आणि अड्डेवाला सोडून कोणीही शेवटी हरतोच. त्याने सगळं मन लावून ऐकलं आणि जाताना म्हणाला, "द्यायचा नसंल तर नाय म्हना बाई, एवढा फिरवून कशाला सांगता." पेढे मात्र ठेवून गेला.

दुसरी जात डॉक्टरांची. तीन वर्षं रुग्णांची माहिती जमेल तशी जमवायची आणि प्रबंध द्यायच्या आदल्या आठवड्यात पिशवी माझ्या टेबलावर उपडी करायची. बाई, यातून काहीतरी काढून द्या. मी विचारायची, तुम्हाला शोधायचं काय होतं? ते म्हणायचे, तेच तुम्ही सांगा. मेल्यानंतर वैद्य बोलवावा तसं आम्हाला बोलवत. फार तर कशाने मेलं तेवढं आम्ही सांगायचो.

असो. ज्या कामाबद्दल मला स्वतःचं खरोखर कौतुक आहे ते सांगायला बसले आहे, आणि वय झाल्यामुळे लाजणार नाही.

पेणच्या पश्चिमेला खाडीच्या कडेने खारेपाटाची गावं आहेत. पुढे बांध, पलीकडे खाडी, मधे भाताची खाचरं, आणि काही गावांत मिठागरं. आमचा तेव्हाचा प्रकल्प हिवतापाचा होता. कासूपासून डोलवीच्या पुढपर्यंत कितीतरी गावांतून रक्ताचे नमुने येत. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. मराठे. माणूस हुशार, सरळ आणि भयंकर घाईचा. जेवतानासुद्धा पहिला घास गिळायच्या आत दुसरा तयार. त्यांनी एके दिवशी गावांचा आलेख काढून घेतला. आडव्या रेघेवर गावातली मिठागरं, उभ्या रेघेवर गावातला ताप. ठिपके अगदी शिस्तीत वर चढत गेलेले. जितकी मिठागरं जास्त तितका ताप जास्त. मी आयुष्यात इतका देखणा आलेख क्वचितच पाहिला असेल, आणि देखणं दिसलं की मला संशय येतो. तो माझा स्वभावच आहे, लग्नाच्या वेळीही होता.

सरांना संशय वगैरे आला नाही. पावसाळ्यात मिठागरात गोडं पाणी साचतं, त्यात डास होतात, डासांनी ताप येतो. झालं. त्यांनी जिल्ह्याच्या समितीला तसं कळवूनही टाकलं. मिठागरांच्या जमिनीचा भाडेपट्टा त्याच सुमारास संपत आला होता. समितीत बोलणं सुरू झालं की पट्टे पुन्हा द्यायचेच नाहीत, भराव टाकून मिठागरं बुजवावीत, रोगराईही जाईल. त्या जागेवर कोणाचा तरी डोळा होता अशी कुजबुज होती. खरं खोटं मला माहीत नाही, माझ्या तक्त्यात तो रकाना नव्हता.

मला खटकलं ते उन्हाळ्याचं. भाताच्या गावांत पाऊस गेला की ताप उतरायचा, मॉडेल म्हणायचं तसा. पण मिठागरांच्या गावांत तो उन्हाळ्यातही रेंगाळायचा. मार्च-एप्रिलमध्ये मिठागरात असतं काय? उन्हाने आटलेलं जहाल खारं पाणी. आमचा डासांचा माणूस पांढरी पळी घेऊन मिठागराच्या सगळ्या कोंड्यांतून, म्हणजे वाफ्यांतून, फिरला, एक अळी मिळाली नाही. त्या पाण्यात डास जगला असता तर मी त्याचा सत्कार केला असता. मग उन्हाळ्यात तापतंय कोण आणि कशाने? पोराला उशीर झाला होता आणि मी दारात येऊन उभी होते.

गावाच्या सरासरीतून याचं उत्तर मिळणार नव्हतं, घरात शिरायला हवं होतं. मी सरांना म्हटलं, मला घराघरांची माहिती हवी. कोण मिठागरावर जातं, कोण जात नाही, कोण कुठे झोपतं, कोणाला कधी ताप आला. सर म्हणाले, आलेख स्पष्ट आहे, आता कशाला? मी म्हटलं, स्पष्ट आहे म्हणूनच. त्यांनी हात झटकले, म्हणजे आमच्याकडे त्याला परवानगी म्हणत.

खारेपाटात अनोळखी बाईला कोणी घराची माहिती देत नाही. मी गेले ते आरोग्य केंद्रातल्या नर्स रिबेका सिस्टरच्या पाठीमागून. सिस्टर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, या खाडीच्या गावांतच वाढलेल्या. भाऊ-बहिणी सगळे केव्हाच इस्राएलला गेले होते. तिकडून बोलावणी यायची, विमानाची तिकिटंसुद्धा यायची. सिस्टर म्हणायच्या, तिथे माझी भाषा कोण बोलणार, आणि इथल्या बायकांची बाळंतपणं कोण करणार? शनिवारी त्या काम करायच्या नाहीत, पण अडलेली बाई असली की शनिवारही विसरायच्या. देवाला तेवढं कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यामुळे मला ओटीवर चटई मिळायची आणि चहाही.

खाडीच्या टोकाच्या शेवटच्या गावात आम्ही चांगुणाकाकी म्हात्र्यांच्या घरी गेलो. गावाचं नाव सांगत नाही. काकी पन्नाशीच्या, काटक, दंड उघडे, आवाज बांधावरून बांधावर जाणारा. नवरा आणि मुलगा मिठागर करायचे. दिवाळीनंतर मिठाचं खळं तुडवून घट्ट करायला सुरुवात झाली की दोघं पावसापर्यंत मिठागरावरच्या झोपडीत झोपायचे. बायका दिवसा मिठाच्या पाट्या वाहायला जायच्या आणि संध्याकाळी घरी. आतल्या दाराशी सून बसली होती, वनिता नावाची. बोलेना, वर बघेना. सिस्टरनी मला हळू आवाजात सांगितलं की हिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तापात पोट पडलं. आता पुन्हा दिवस राहायची भीती, आणि न राहायचीही.

मी आमची ठरलेली प्रश्नावली सुरू केली. घरात माणसं किती? पाच. वर्षभरात ताप कोणाला आला? काकींना, वनिताला, धाकट्या मुलीला. पुरुषांना? नाही. मी पुन्हा विचारलं. नाही म्हणजे नाही. काकी खेकसल्याच माझ्यावर. त्यांच्या कानावर समितीची गोष्ट गेली होती.

"बाय, तुमी म्हनता मिठागरानं ताप येतो. मंग जो मिठागरावर निजतो त्याला नाय, आन घरात निजते तिला येतो, ह्यो कुटला न्याय? मिठागर बुजवलात तं आमी खायाचं काय? आन एवढा करून सुनंचा ताप गेला नाय तं कोनाकडं जाऊ?"

मला त्या प्रश्नाचा राग आला नाही, आनंद झाला. माफ करा, पण झाला. कारण ज्या घरात तुम्ही बसलाय तेच घर आलेखाच्या विरुद्ध साक्ष देतंय, असं दर वेळी होत नाही. अर्थात एका घरावरून मी काही म्हणणार नव्हते. एका शिताची गोष्ट मी वर सांगितलीच. आम्ही चिठ्ठ्या टाकून घरं निवडली, मिठागरवाली आणि बिगरमिठागरवाली, खाडीकाठची आणि रस्त्याकडची, आणि सिस्टर, मी आणि आमचे दोन कार्यकर्ते पायाला फोड येईतो फिरलो.

फिरताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. या गावांत पिण्याचं पाणी नाही. विहीर खणली तर खारं लागतं. नळाची लाइन पार वरून येते आणि वाटेतली सगळी गावं पिऊन उरलं तर शेवटच्या गावाला. चार दिवसांनी येईल, दहा दिवसांनी येईल, कधी पहाटे, कधी भर दुपारी. म्हणून घरात शिरल्याबरोबर दिसायचे ते रांजण. अर्धे जमिनीत पुरलेले, ओळीने मांडलेले, वर फटीफटीचं फळकुट. पैसाअडका उघड्यावर असेल, पण रांजण झाकलेला. आणि ते असायचे आतल्या खोलीत, जिथे बायका-मुलं झोपतात तिथे.

मी सहज एका रांजणात वाकून बघायला गेले तर घरातली म्हातारी अंगावर धावून आली. सिस्टरनी मला बाहेर ओढलं आणि समजावलं. रांजणाचा तळ परक्याने बघायचा नाही. तळ दिसला की पाणी रुसतं आणि घर सोडून जातं, अशी इथली समजूत. परक्याने काय, घरच्यांनीही तळ येऊ द्यायचा नाही. तांब्या-दोन तांबे पाणी कायम राखायचं आणि नवीन पाणी त्यावर ओतायचं. सासूने सुनेला पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट ही. म्हणजे या गावांतले रांजण वर्षानुवर्षं एकदाही कोरडे झाले नव्हते. मी तिथल्या तिथे वही काढली. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारी आणि हिवताप पसरवणारी एक डासाची जात आहे, शहरातल्या टाक्यांत ती आम्हाला नेहमी सापडायची. खेड्यात तिला शोधायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

आमचा डासांचा माणूस घरात जाऊ शकत नव्हता, म्हणून त्याने सिस्टरना पळी धरायला शिकवलं. सिस्टरना कोण अडवणार? त्या घरांतल्या निम्म्या लोकांची नाळ त्यांनी कापलेली. त्यांनी बाटल्या भरून आणल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. आत अळ्या वळवळत होत्या, सगळ्या त्याच जातीच्या. दुसऱ्या कोणी ते बघून तोंड वाकडं केलं असतं. मी दोन्ही हातांनी बाटली उजेडात धरून बसले होते आणि शेजारच्या कारखान्यातली पोरं खिडकीतून माझ्याकडे बघत होती.

मग मॉडेल पुन्हा मांडलं, या वेळी माणसांचं. त्या काळी आमच्या कॉम्प्युटरला एवढं ओझं दिलं की तो तासन्‌तास विचार करत बसायचा आणि नेमकी उत्तर द्यायच्या वेळी वीज जायची. दोनदा गेली. तिसऱ्यांदा मी खुर्चीत बसून राहिले, चहालासुद्धा उठले नाही. उत्तर आलं. एकाच गावात मिठागरवाल्यांना इतरांपेक्षा ताप जास्त नव्हता. मिठागरावर झोपणाऱ्यांना तर कमीच होता. ताप चढत होता तो नळाच्या लाइनीवर गाव जितकं शेवटी तितका. मिठागरं खाडीच्या टोकाला, लाइनीचा शेवटही टोकाला, म्हणून आलेखात मिठागर आणि ताप हातात हात घालून वर चढले होते. आणि आणखी एक गोष्ट निघाली, जिच्यावर माझा स्वतःचा विश्वास बसायला वेळ लागला. काही गावांना पाणी थोडंच मिळत होतं, टँकरचं, पण ठरलेल्या वारी मिळत होतं. तिथे ताप कमी होता. पाणी किती येतं यापेक्षा ते कधी येतं हे माहीत असण्याला जास्त वजन होतं.

असं का, ते काकींनीच मला एका वाक्यात सांगितलं होतं, मी त्यांना रांजण धुवायचं सुचवलं तेव्हा. "रांजन कोरडा केला आन पानी आलं नाय, तं पोरांना काय खाडी पाजू?" तळ राखण्याच्या समजुतीखाली भीती होती, आणि ती भीती खरी होती. ज्यांना वार ठाऊक होता त्या बायका आदल्या दिवशी रांजण रिकामा करून पुसून घेत होत्या. समजूत तिथेही होती, पण वार ठरल्यावर ती आपोआप सैल पडली होती.

मी कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांनी वाचले, चष्मा काढला, पुन्हा वाचले. मग चिडले. समितीला कळवून झालंय, बैठक तोंडावर आली, आता मी कोणत्या तोंडाने उलटं सांगू? मी म्हटलं, सर, तुम्ही नका सांगू, मी सांगते. मला नोकरीची भीती वाटत होती आणि आवाज चढला होता. त्यांनी कागद घडी करून खिशात घातले. मग म्हणाले, अलिबागला माझ्याबरोबर चला.

समितीच्या बैठकीत सगळे पुरुष. मी मॉडेल समजवायला लागले तेव्हा एक अधिकारी पेपर वाचत होते, दुसरे बिस्किटं खात होते. शेवटी महसुलाच्या साहेबांनी मला थांबवलं. बाई, तुमचेच डॉक्टर म्हणतात मिठागरांच्या गावात ताप जास्त. ते खरं की खोटं? मी म्हटलं, खरं. मग तुम्ही म्हणता मिठागराने ताप येत नाही, तेही खरं? मी म्हटलं, तेही खरं. साहेब इतरांकडे बघून हसले. तेव्हा माझं डोकं फिरलं.

"साहेब, ज्या आळीत दारूचे गुत्ते जास्त, त्या आळीत सोळा सोमवार करणाऱ्या बायका जास्त. म्हणून सोळा सोमवारवाल्या बायका दारू पितात, असं म्हणायचं का?"

पेपर खाली आला. कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसायला लागले. एम.एस्सी.ला आम्हाला या चुकीचं भलंमोठं नाव शिकवलं होतं, अर्थ एवढाच की गटाचा गुण माणसाच्या माथी मारू नये. ते नाव घेतलं असतं तर पेपर वरच राहिला असता. हसू ओसरल्यावर मराठे सर उभे राहिले. मला वाटलं आता सावरासावर करतील. ते म्हणाले की आलेख माझा आहे आणि तो बरोबर आहे, पण त्यातून मी काढलेला निष्कर्ष चुकला, यांचा निष्कर्ष धरावा आणि माझा आधीचा अहवाल मागे घेतला असं लिहून घ्यावं. चारचौघांत, स्वतःच्या हाताखालच्या बाईसमोर. मी नोकरीत बरेच साहेब पाहिले, असा दुसरा पाहिला नाही. परतीच्या वाटेवर त्यांनी वडखळला मला भजी खायला घातली आणि नेहमीच्या घाईने निम्मी स्वतःच संपवली.

समितीने विचारलं, मग करायचं काय, या गावांना पाणी कुठून वाढवून देणार? मी म्हटलं, वाढवू नका, वार ठरवा. आठवड्यातून एकदाच द्या, पण तो वार चुकवू नका. वार पाळला तर ताप कुठवर उतरेल आणि मिठागरं बुजवली तर तो कसा जागचा हलणार नाही, हे मी तिथे लिहून दिलं. आपला अंदाज आधी लिहून सही करून देणं याला आमच्या धंद्यात छाती लागते. चुकला तर लपायला जागा नसते.

भाडेपट्टे पुढे चालू झाले. वार ठरला. पाणी सोडणाऱ्या माणसाला रिबेका सिस्टरनी स्वतः जाऊन दम दिला, त्याच्याही बायकोची बाळंतपणं त्यांनीच केलेली. रांजण कसे कोरडे करायचे, कसे घासायचे ते त्यांनीच घरोघर फिरून दाखवलं. पहिल्या महिन्यात सासवांनी दारं लावून घेतली. दुसऱ्या महिन्यात त्याच सासवा शेजारणीच्या रांजणात वाकून बघायला लागल्या. पुढच्या वर्षी वार पाळलेल्या गावांत ताप उतरला, मी लिहून दिलं होतं त्याच्या आसपास. दोन गावांत वार पाळला गेला नाही, तिथे तो होता तसाच राहिला. मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले होते. कोणाला सांगू असं झालं होतं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे डास कमी झाले ना? मी म्हटलं, हो. चांगलं झालं, म्हणाल्या आणि मला गरम भाकरी वाढली.

सगळंच गोड नाही. पाणी सोडणारा बदलला, साहेब बदलले, काही वर्षांत वार पुन्हा विस्कळीत झाला. आमचं केंद्र बंद झालं. आता तर मिठागरंही पुष्कळशी राहिली नाहीत, मीठ परवडत नाही आणि पोरं कंपनीत शिफ्टला जातात. ती डासांनी गेली नाहीत, काळाने गेली. त्याला माझ्याकडे मॉडेल नव्हतं. वाईट वाटतं, पण त्या वर्षी ती खोट्या आरोपावरून गेली नाहीत, आणि त्यांचं वकीलपत्र मी घेतलं होतं, हे मी मरेपर्यंत सांगणार.

वार ठरल्यावर पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात घरांची फेरी पुन्हा केली. चांगुणाकाकींच्या घराला कुलूप, म्हणून मी मिठागरावर गेले. ऊन असं की डोळे उघडवेनात. काकी पाटी उतरवून झोपडीच्या सावलीला आल्या, घाम पुसला आणि माझ्यासमोर बसल्या. मी प्रश्नावली काढली आणि पहिल्यापासून सुरू केली, तसंच करायचं असतं.

घरात माणसं किती?

"सहा," काकी म्हणाल्या.

माझ्याकडे मागचा आकडा होता, पाच. मी वर बघितलं. काकींनी नुसती मान वळवली. झोपडीच्या आत वनिता बसली होती, मांडीवर पोर, आणि पदराने त्याच्यावरच्या माश्या वारत होती. या वेळी तिने माझ्याकडे बघितलं. मला पुढचा प्रश्न विचारायला जड गेलं. विचारला. वर्षभरात ताप कोणाला आला?

"कोनालाच नाय."

पुन्हा विचारायचा आमचा नियम. पुन्हा विचारलं. काकी या वेळी खेकसल्या नाहीत. माझ्या हातातल्या पेनाकडे बघत होत्या.

"शून्य लिवतंस ना गो बाय? मंग जरा मोठा काढ."

एका घराच्या शून्याने काहीही सिद्ध होत नाही. हे मी त्या मटकेवाल्याला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, साहेबांना सांगितलं, आणि आजही तेच सांगेन. पण त्या दिवशी मी रकाना सोडून शून्य काढलं, चांगलं मोठं, आणि काकींचं समाधान होईना म्हणून त्यावरून पुन्हा पेन फिरवलं.